करंडकावरची चुकलेली मान

माझ्या कपाटावर एक करंडक गेली एकतीस वर्षे उभा आहे. आमच्या शाळेने नाशिकच्या मेन रोडवरच्या कुठल्याशा दुकानातून असे करंडक डझनाच्या भावाने घेतले असावेत, कारण त्या वर्षी गोळाफेक, भालाफेक आणि थाळीफेक या तिन्ही स्पर्धांच्या विजेत्यांना एकच पुतळी मिळाली होती: काळ्या लाकडी बैठकीवर वीतभर उंचीचा, सोनेरी मुलामा दिलेला, कमरेत वाकलेला थाळीफेकपटू. मुलामा आता खांद्यावरून उडाला आहे आणि आतला पांढुरका धातू दिसू लागला आहे. गेल्या महिन्यात घराला रंग काढला तेव्हा करंडक पुसताना प्रथमच माझ्या लक्षात आले की, या माणसाची मान चुकीच्या दिशेला आहे. थाळी घेतलेला उजवा हात पार मागे, वर गेला आहे आणि डोके मात्र पुढे, जमिनीकडे झुकले आहे. जणू फेकता फेकता कमरेचे सुटे पैसे सांडले आणि तो ते शोधतो आहे.

ही चूक त्या दुकानदाराची नाही आणि साचा करणाऱ्या कारागिराचीही नाही. ती इटलीत, १७९० च्या सुमारास झाली आणि तेथून निघून सुमारे दोनशे वर्षांनी पंचवटीतल्या माझ्या कपाटापर्यंत पोहोचली. त्या प्रवासाचा माग काढण्यात माझ्या काही रात्री गेल्या.

मूळ मूर्ती मायरनची. अॅटिका आणि बिओशिया यांच्या सीमेवरच्या इल्युथेरी या गावचा हा शिल्पकार, आणि त्याने हा थाळीफेकपटू इ. स. पू. ४६० ते ४५० च्या सुमारास काशात ओतला. ग्रीक भाषेत त्याला 'डिस्कोबोलस' म्हणतात. ती काशाची मूर्ती आज अस्तित्वात नाही. नाशिककराला हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या भांडी बाजारात आजीच्या लग्नातले घंगाळ तराजूत पडते आणि त्याच्या वजनाइतका पैसा हातात पडतो, त्याला आपण मोड म्हणतो. प्राचीन जगातील बहुतेक काशाच्या मूर्ती अशाच मोडीत निघाल्या आणि त्यांच्या धातूचे पुढे काय काय झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दगड वितळवता येत नाही, म्हणून रोमन श्रीमंतांनी आपापल्या बागांसाठी करून घेतलेल्या संगमरवरी प्रती मागे राहिल्या. आज आपण ज्याला मायरनचा थाळीफेकपटू म्हणतो तो वस्तुतः या रोमन प्रतींमधला आहे.

त्यातली सर्वांत पूर्ण प्रत १७८१ मध्ये रोमच्या एस्क्विलाइन टेकडीवर, मासिमो घराण्याच्या मालकीच्या जागेत सापडली. ती मायरनचीच आहे हे ओळखता आले ते लुसियन या लेखकामुळे. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील या लेखकाच्या एका संवादात एक पात्र विचारते की, तू त्या थाळीफेकपटूविषयी बोलतोस का, जो फेकीच्या पवित्र्यात वाकला आहे, ज्याने थाळी धरलेल्या हाताकडे मान वळवली आहे, एक गुडघा किंचित दुमडला आहे आणि फेकीसरशी आता उसळून उभा राहील असे ज्याच्याकडे पाहताना वाटते. एस्क्विलाइनच्या प्रतीची मान बरोबर तशीच, मागे थाळीकडे वळलेली होती.

म्हणजे उत्तर हातात होते, आणि तरीही जेमतेम दहा वर्षांत चूक झाली. टिव्होली येथे सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत दुसरी प्रत निघाली आणि दुरुस्ती करणाऱ्याने तिच्यावर डोके बसवताना ते पुढे, खाली पाहणारे बसवले. चार्ल्स टाउनली या इंग्रज संग्राहकाने १७९४ मध्ये ती विकत घेतली, १८०५ मध्ये ती त्याच्या संग्रहाबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेली, आणि तेथे ती आजही तशीच, चुकलेल्या मानेने उभी आहे. लंडनमध्ये असल्यामुळे तिची चित्रे, ओतीव प्रतिकृती आणि स्वस्त पुतळ्या जगभर गेल्या. माझ्या करंडकावरचा गृहस्थ याच घराण्यातला आहे, याविषयी मला शंका नाही. तिसरी महत्त्वाची प्रत १९०६ मध्ये रोमजवळ कास्तेल पोर्त्सियानो येथे सापडली, पण तिला डोकेच नाही, त्यामुळे तिच्यावरून वाद घालण्याची सोय उरलेली नाही.

मानेचा एवढा आग्रह मी का धरतो, हे सांगण्यासाठी मला माझ्या शाळेच्या मैदानावर जावे लागेल. आम्हांला थाळी धरायला शिकवले ते अगदी नेमके होते: थाळी तळव्यात घ्यायची नाही, चार बोटांची फक्त शेवटची पेरे तिच्या कडेवर टेकवायची, अंगठा वर नुसता पसरून ठेवायचा, आणि हात झुलत असताना झोक्याच्या जोरानेच ती बोटांना चिकटून राहते यावर विश्वास ठेवायचा. थाळी शेवटी तर्जनीवरून सुटली पाहिजे. करंगळीवरून सुटली तर ती भिरभिरत जाऊन उभी पडते. हे सगळे जमले. घोळ झाला तो मानेचा. "समोर बघा, समोर बघा" असा एकच घोष असे आणि आम्ही आज्ञाधारकपणे पहिल्या झोक्यापासून डोळे समोर रोखून ठेवत असू. परिणाम असा होई की, डोके पुढे गेले की खांदा त्याच्यामागे जातो, खांदा गेला की हात लवकर येतो आणि थाळी अंगाच्या पिळातून येण्याऐवजी नुसत्या दंडाच्या बळावर निघते. माझी एक थाळी अशीच निसटून शेजारच्या कुंपणापलीकडच्या पेरूच्या झाडात शिरली होती आणि फांदीसह खाली आली होती. झाडाखाली कोणी नव्हते, हे नशीब.

ग्रीकांना या धोक्याची चांगलीच जाण होती, कारण त्यांच्या कथांमध्ये थाळी वारंवार माणसाचा जीव घेते. अपोलो देवाने फेकलेली थाळी लागून त्याचा लाडका हायसिंथस मेला आणि त्याच्या रक्तातून फूल उगवले. अक्रिसियस राजाला भविष्य सांगितले होते की, तुझा मृत्यू नातवाच्या हातून होईल. त्याने मुलीला आणि नातवाला पेटीत घालून समुद्रात सोडले, नातू पर्सियस वाचला, मोठा झाला आणि लारिसा येथील स्पर्धेत त्याने फेकलेली थाळी प्रेक्षकांत बसलेल्या आजोबांनाच लागली. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला या कथेचा पूर्वार्ध ओळखीचा वाटतो. उत्तरार्धात मात्र येथे वध नाही, अपघात आहे. आजच्या मैदानावर थाळीफेकीच्या वर्तुळाभोवती उंच जाळी लावतात ती याच कारणासाठी.

प्राचीन ऑलिंपिकमध्ये थाळीफेक ही स्वतंत्र स्पर्धा नव्हती. इ. स. पू. ७०८ मध्ये पंचक्रीडा सुरू झाली, तिच्यात धावणे, लांब उडी, भालाफेक, कुस्ती आणि थाळीफेक असे पाच प्रकार एकाच खेळाडूला करावे लागत. थाळीचे आजच्यासारखे एकच ठरलेले वजन नव्हते. सापडलेल्या थाळ्या दगडाच्या, काशाच्या, लोखंडाच्या आणि शिशाच्याही आहेत. काही दीड किलोच्या आसपास आहेत, तर काही सहा किलोंच्या पुढे जातात. म्हणूनच ऑलिंपियाला सिसियन नगराच्या कोषागारात स्पर्धेसाठी तीन थाळ्या जपून ठेवलेल्या असत, असे पॉसेनियस हा प्रवासी लेखक नोंदवतो; त्यामुळे सर्व स्पर्धकांना त्याच थाळ्या मिळत. काही थाळ्या फेकण्यासाठी नव्हे, तर देवाला वाहण्यासाठी होत्या. करिंथच्या पॉप्लियस अस्क्लेपियाडेस या पंचक्रीडेतील विजेत्याने इ. स. २४१ मध्ये ऑलिंपियाला वाहिलेली काशाची थाळी तब्बल ३४ सेंटिमीटर व्यासाची आहे, म्हणजे आपल्याकडच्या जेवणाच्या ताटाएवढी. याउलट केफलोनिया बेटावरच्या एक्सोइडास नावाच्या खेळाडूची इ. स. पू. सहाव्या शतकातील छोटी थाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर त्याने गोलाकार ओळीत कोरून ठेवले आहे की, याच काशाने मी थोर मनाच्या केफलोनियनांना जिंकले आणि ते झ्यूसच्या पुत्रांना अर्पण केले. ज्या वस्तूने जिंकलो तीच देवापुढे ठेवायची, ही रीत मला करंडकापेक्षा फार सभ्य वाटते.

जाता जाता शब्दाविषयी. 'डिस्कस' हा शब्द ग्रीक भाषेतून लॅटिनमध्ये गेला आणि त्याच लॅटिन शब्दापासून इंग्रजीतील 'डिश' आला. आपल्याकडे ज्याने कोणी 'थाळीफेक' हा शब्द रुळवला त्याला हे ठाऊक असो वा नसो, त्याने स्वयंपाकघराशी बरोबर तेच नाते जुळवले. माझ्या आईला मात्र हा शब्द कधीच पटला नाही. मुलगा ताट फेकण्यात पहिला आला हे शेजारी सांगताना तिला संकोच वाटे.

फेक कशी होत असे, हे मायरनच्या मूर्तीइतकेच फिलॉस्ट्रेटस या ग्रीक लेखकाच्या लिखाणातून कळते. हायसिंथसच्या चित्राचे वर्णन करताना तो सांगतो की, फेकण्याची जागा लहानशी, एकाच माणसाला पुरेल एवढी असे, तिला 'बाल्बिस' म्हणत. फेकणाऱ्याने डोके उजवीकडे इतके झुकवावे की स्वतःची कूस दिसावी, आणि मग सगळी उजवी बाजू त्या फेकीत घालून वर उसळावे. येथे पुन्हा मान आलीच. ती उजवीकडे, मागे, समोर नव्हे. स्टेशियसच्या लॅटिन महाकाव्यात एक खेळाडू फेकण्याआधी थाळी आणि हात दोन्ही मातीत घोळतो, म्हणजे पकड निसटत नाही. तालमीतल्या तांबड्या मातीत हात चोळून मग प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरणारा आपला मल्ल नेमके हेच करतो. ग्रीक घटांवरील चित्रांत थाळी ठेवण्याची पिशवीदेखील दिसते आणि पंचक्रीडेच्या सरावाला बासरीसारखे वाद्य वाजवणारा माणूसही दिसतो, तेव्हा लय ही गोष्ट ते किती गांभीर्याने घेत होते हे कळते.

अंतरांच्या नोंदी त्यांनी फारशा ठेवल्या नाहीत, कारण त्यांना विजेता हवा होता, विक्रम नव्हे. एक नोंद मात्र प्रसिद्ध आहे. क्रोटनचा फायलस याने पंचावन्न फूट उडी मारली आणि थाळी शंभराला पाच कमी इतकी फेकली, असे एक जुने सुभाषितवजा कवन आहे. उडीचा आकडा कोणाच्याही गळी उतरणारा नाही. पंचाण्णव फूट म्हणजे सुमारे २८ ते ३० मीटर, हे मात्र पटण्याजोगे आहे. हाच फायलस इ. स. पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या आरमारी लढाईत स्वतःचे जहाज घेऊन इराण्यांविरुद्ध उतरला होता.

१८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हा विजयी फेक २९.१५ मीटर होती, म्हणजे जवळजवळ फायलसचीच. ती फेकणारा रॉबर्ट गॅरेट हा प्रिन्स्टनचा अमेरिकन विद्यार्थी. त्याने जुन्या वर्णनांवरून एका लोहाराकडून थाळी करून घेतली होती. ती इतकी जड झाली की त्याने नाद सोडून दिला होता, आणि अथेन्सला पोहोचल्यावर खरी थाळी केवळ दोन किलोंची आहे हे पाहून नाव दिले. ग्रीक खेळाडू मूर्तीला शोभेल अशा डौलात फेकत होते आणि हा अडाणी परदेशी मनुष्य जोर लावून पुढे गेला. याचा ग्रीकांना किती त्रास झाला असेल, हे पुढच्या घटनेवरून कळते. १९०६ मध्ये अथेन्सला आणि १९०८ मध्ये लंडनला 'ग्रीक पद्धतीची थाळीफेक' अशी वेगळी स्पर्धा ठेवण्यात आली, तिच्यात उतरत्या चौथऱ्यावर उभे राहून, मायरनच्या मूर्तीसारखा पवित्रा घेऊन फेकायचे होते. लंडनला मार्टिन शेरिडनने दोन्ही पद्धतींत सुवर्णपदक जिंकले: मोकळ्या पद्धतीने ४०.८९ मीटर, ग्रीक पद्धतीने ३८ मीटर. पुढच्या ऑलिंपिकपासून ग्रीक पद्धत बंद झाली. एका मूर्तीला लोकांनी शिकवणीचे पुस्तक समजून वाचले, त्याचा हा परिणाम होता.

कारण मायरनने फेक दाखवलेलीच नाही. झाडाला बांधलेला झोका मागे जाऊन सर्वांत उंच पोहोचतो तेव्हा पुढे येण्यापूर्वी तो निमिषभर थांबतो; त्या निमिषात झोक्याला वेगच नसतो. मायरनने तो क्षण पकडला आहे. त्या क्षणी माणूस खरोखरच स्थिर असतो, म्हणून मूर्ती स्थिर असूनही खोटी वाटत नाही. सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय मागे फरफटत आलेला, त्याची बोटे उलटी मुडपून जमिनीला टेकलेली, डावा हात उजव्या गुडघ्यापाशी सैल. दोन्ही हात मिळून धनुष्याची कमान होते. एकाच बाजूने पाहावे अशीच ती रचना आहे. समोरून पाहिले तर अंग चेपल्यासारखे अरुंद दिसते. हे मी माझ्याच करंडकावरून पडताळून पाहिले. क्विंटिलियन हा रोमन वक्तृत्वशिक्षक विचारतो की, मायरनच्या थाळीफेकपटूइतके वाकवलेले आणि कष्टाने घडवलेले दुसरे काय आहे; आणि लगेच सांगतो की, ते सरळ उभे नाही म्हणून जो नावे ठेवील त्याला कला कळलीच नाही. थोरल्या प्लिनीची तक्रार वेगळी होती: मायरनला देह कळतो, पण मनातले भाव तो दाखवत नाही. चेहरा खरोखरच निर्विकार आहे. मला तो दोष वाटत नाही. वर्तुळात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काही नसतेच; जे काय असायचे ते पाठीत आणि मांडीत असते.

काशाचा आणखी एक मुद्दा राहिला. तांबट ठोकतो आणि ओतारी ओततो, हा फरक जुन्या नाशिकात लहान मुलालाही ठाऊक असे. मायरनचे काम ओताऱ्याचे. आधी मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचे लेप, मग भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत धातू शिरतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लासा'त ज्याला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे, तीच ही कृती. आतून पोकळ असलेले कासे दोन घोट्यांवर तोल सांभाळू शकते. संगमरवर तसे करू शकत नाही, म्हणून रोमन प्रतींमध्ये पायामागे झाडाचे खोड आले. ते खोड मायरनचे नाही, आणि गंमत अशी की माझ्या धातूच्या करंडकावरही ते आहे, जेथे त्याची काडीमात्र गरज नाही.

ग्रीक माणूस नाशिकला प्रथम करंडकावरून आला, असे मात्र कोणी समजू नये. पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडील दत्तामित्री नगराचा योनक, याने हे लेणे खोदवले, असे तो सांगतो. योनक म्हणजे यवन, ग्रीक. पायऱ्या चढून तेथे गेलो की मी त्या ओळींपुढे थोडा वेळ थांबतो. नाव आपले, धर्म आपल्याकडचा, आणि ओळख सांगताना मात्र योनक.

एस्क्विलाइनच्या प्रतीचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये हिटलरने ती पन्नास लाख लिरांना विकत घेऊन म्युनिकला नेली आणि १९४८ मध्ये ती इटलीला परत मिळाली. आज ती रोमच्या पालाझ्झो मासिमोमध्ये आहे, आणि त्याच वास्तूत ती कास्तेल पोर्त्सियानोची बिनडोक्याची प्रतही आहे. १९४८ च्याच लंडन ऑलिंपिकच्या भित्तिपत्रकावर पार्लमेंटच्या घड्याळापुढे थाळीफेकपटू उभा केलेला होता.

मला स्वतःला या सर्वांपेक्षा अधिक ओढ लावते ती मायरनच्याही शंभर वर्षे आधीची एक थडग्यावरची शिळा. ती अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिचा तुकडाच उरला आहे. एका तरुणाचा बाजूने दिसणारा चेहरा, आणि त्याने खांद्यावर धरलेली थाळी बरोबर त्याच्या डोक्यामागे आली आहे. आपल्या डोळ्यांना ती पहिल्या नजरेला देवामागची प्रभावळच वाटते. तो देव नाही. तो लवकर मेलेला एक खेळाडू आहे.

माझी पुतणी आता एक किलोची थाळी फेकते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनियाने ६१.५१ मीटर फेकून सुवर्ण जिंकले आणि रौप्य, कांस्यही भारतीय मुलींनीच घेतले, तेव्हा ही तीन वर्षांची होती. तिला ते सर्व ऐकून माहीत आहे. परवा रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर मैदानावर गेलो होतो. समोरून वारा होता आणि ती खूश होती, कारण समोरचा वारा थाळीला पतंगासारखा उचलून धरतो. तिला शिकवणारे "समोर बघा" असे म्हणत नाहीत. "थाळीला मागून येऊ दे, मान ओढू नकोस" असे म्हणतात. तिच्या एका फेकीचे चित्रण मी मोबाइलवर केले आणि घरी येऊन तिला शेजारी बसवून ते एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. झोका मागे जाऊन थांबतो तेथे मीही थांबलो. उजवा हात मागे, वर, गुडघा दुमडलेला, मान वळून थाळीकडे, अगदी लुसियनने लिहिली तशी. मी करंडक आणून पडद्याशेजारी धरला आणि तिला दोन्ही माना दाखवू लागलो.

"काका, कळलं," ती म्हणाली. "आता पुढे घ्या ना. कुठे पडली ते बघायचंय मला."